शेवटचं पान नसलेली पुस्तकं

खुनी कोण हे कळायला एकच पान उरलं होतं आणि ते पान पुस्तकात नव्हतं.

शौनक आगाशे पलंगावर उठून बसले. पुस्तक उलटं धरून त्यांनी झटकलं, उशीखाली पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाचगणीच्या बंगल्यात वारस जमलेले, म्हातारा इनामदार विषाने मेलेला, गुप्तहेराने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावून "हा खून करणारी व्यक्ती याच खोलीत आहे आणि ती म्हणजे" इथवर आणलेलं, आणि त्यापुढे थेट पुठ्ठा. पान फाटलेलं नव्हतं, पट्टी धरून सरळ रेषेत काढलेलं होतं. म्हणजे हे काम लहान मुलाचं किंवा उंदराचं नव्हतं, शिस्तीच्या माणसाचं होतं.

शौनकराव बँकेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली होती. वडील संस्कृतचे मास्तर, म्हणून हे भारदस्त नाव. ठाकुर्ली पूर्वेला भाजीबाजाराच्या मागे एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर जे वाचनालय आहे, तिथे दर रविवारी सकाळी 'रहस्यरंजन मंडळ' भरायचं आणि शौनकराव त्याचे अध्यक्ष होते. मंडळाला सभासद चार आणि पदाधिकारीही चार, त्यामुळे निवडणुकीत कधी कटुता आली नव्हती.

रहस्यकथा म्हणजे काय, या विषयावर मंडळाचं एकमत होतं: आपल्याला आवडते ती रहस्यकथा, दुसऱ्याला आवडते तो पोरखेळ.

शौनकरावांच्या मते रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातला सभ्य माणसांचा सामना होता. एक बंगला, एक मुडदा, मोजके संशयित, सगळे धागे वाचकासमोर उघड मांडलेले आणि शेवटी दिवाणखान्यात उलगडा. रक्त सांडलंच तर ते गालिच्यावर सांडावं आणि पुढच्या प्रकरणापर्यंत पुसलं जावं.

रत्नदीप साळवेला हे ऐकून हसू यायचं. तो ठाण्याला एका कंपनीत बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करायचा, तिशीतला होता आणि त्याला काळोख्या गोष्टी आवडायच्या. गुप्तहेर कर्जात, बायको सोडून गेलेली, पोलीस विकले गेलेले, आणि खुनी कोण हे सगळ्या शहराला माहीत असूनही त्याचं काही वाकडं होत नाही. तो म्हणायचा, "सर, तुमच्या गोष्टीत खुनी पकडला की लगेच सगळं छान. आमच्या चाळीत असं एकदा पण झालं नाही."

संचिता बाळकुमच्या एका उंच टॉवरमध्ये राहायची. माहेर ठाकुर्लीचं, म्हणून रविवारी इकडे यायची. ती ठाण्यात एका ऑफिसात माणसं भरती करायची आणि काढायची. तिला मनोविश्लेषणाच्या कादंबऱ्या लागायच्या, ज्यात गोष्ट सांगणारी बाई स्वतःच खोटं बोलत असते आणि नवरा दिसतो तसा नसतो. "आमच्या ऑफिसात रोजचंच आहे हे," ती म्हणायची, "फक्त तिथे मुडदा पगारावर असतो."

चौथे सहदेव म्हात्रे. मूळचे ठाकुर्लीचेच आगरी, पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त, वडिलोपार्जित जमीन बिल्डरला गेल्यापासून मोठ्या गाडीचे मालक. ते फक्त पोलीस तपासाच्या कथा वाचायचे. ठाणं, पंचनामा, जबाब, साहेबांची शिवी. रोज हेच करून निवृत्त झालेला माणूस पुन्हा हेच का वाचतो, असं संचिताने एकदा विचारलं होतं. सहदेव म्हणाले, "बुकातल्या पोलिसांची गारी पयल्या झटक्याला चालू होतं. वाचून बरा वाटतं."

आणि नंदाताई. नंदाताई शेडगे वाचनालय सांभाळायच्या. दार उघडायच्या, पुस्तकं द्यायच्या-घ्यायच्या आणि मंडळाला चहा करून द्यायच्या. त्यांना कुठल्या प्रकारच्या कथा आवडतात, हे मंडळाने कधी विचारलं नव्हतं. चहा चांगला असायचा, त्यामुळे विचारायची गरजही पडली नव्हती.

त्या रविवारी शौनकरावांनी पाचगणीचा बंगला टेबलावर ठेवला आणि जड आवाजात म्हणाले, "मंडळी, आपल्यात एक गुन्हेगार आहे."

हे वाक्य उच्चारायची संधी मिळावी म्हणून ते अर्धं आयुष्य थांबले होते. ते वाया गेलं, कारण रत्नदीप म्हणाला, "अरे, माझ्या पण पुस्तकाचं शेवटचं पान नव्हतं! मला वाटलं लेखकानेच अर्धवट सोडलंय. मला तर जाम आवडलेला तो शेवट."

मग कपाटातली पुस्तकं काढून पाहिली. रहस्यकथांच्या कपाटातल्या बऱ्याच पुस्तकांचे शेवट गेले होते. प्रेमकथा, चरित्रं, पाककृती शाबूत होत्या.

"कपाटाला कुलूप असतं ना?" शौनकरावांनी विचारलं.

"असतं," नंदाताई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या. "किल्ली माझ्या कमरेला असते."

"म्हणजे बंद खोलीतला गुन्हा!" शौनकरावांचे डोळे लकाकले. "सर्वांत अवघड प्रकार. आत जायला वाट नाही, बाहेर यायला वाट नाही, आणि तरी गुन्हा घडलेला."

पुढे चहा गार होईस्तोवर मंडळाने बंद कपाटात शिरण्याच्या युक्त्या शोधल्या. रत्नदीपने बिजागऱ्यांचे स्क्रू तपासले. सहदेवांनी कपाट भिंतीपासून ओढून मागची फळी ठोकून पाहिली आणि आधी पंचनामा करायला हवा होता म्हणून हळहळले. शौनकरावांनी मेणावर किल्लीचा ठसा घेण्याची शक्यता मांडली. नंदाताई कमरेची किल्ली वाजवत कप गोळा करत होत्या. संशयितांचा विचार करताना चौघांनी आळीपाळीने एकमेकांकडे पाहिलं. नंदाताईंकडे पाहायचं कुणाच्या मनात आलं नाही.

पुढचे काही दिवस ठाकुर्लीत गुन्हेगारीचा माग काढण्याची एवढी धामधूम झाली, की खरा चोर असता तर त्याने भीतीने नव्हे, गर्दीला कंटाळून गाव सोडलं असतं. रत्नदीप रद्दीवाल्याच्या दुकानासमोर कॉलर वर करून उभा राहिला. रद्दीवाल्याने त्याला वसुलीचा माणूस समजून चहा पाजला. सहदेवांनी सगळ्या सभासदांच्या बोटांचे ठसे घ्यायला शाईचा पॅड आणला. ठसे कशाशी जुळवायचे हा प्रश्न त्यांच्या अधिकारकक्षेबाहेरचा होता. संचिताने गुन्हेगाराचं मानसिक चित्र तयार केलं: "त्या माणसाला आयुष्यात कधीतरी कुणीतरी अर्धवट सोडून गेलेलं असणार. त्याला दुसऱ्यांचं समाधान सहन होत नाही."

"हे तर कुणालाही लागू होतं," शौनकराव म्हणाले. मानसशास्त्र त्यांना फारसं पटत नसे. त्यांना वेळापत्रकं पटत.

शेवटी त्यांनी ठरवलं, दिवाणखाना भरवायचा.

पुढच्या रविवारी त्यांनी चार खुर्च्या अर्धगोलात मांडल्या, खिडकीपाशी पाठमोरे उभे राहिले आणि सावकाश वळले. नंदाताई दारापाशी स्टुलावर बसून पुस्तकांना कव्हरं घालत होत्या.

"शेवट कुणाला नको असतो?" शौनकरावांनी सुरुवात केली. "ज्याचा शेवटांवर विश्वास नाही त्याला. आपल्यात एकच सभासद असा आहे, ज्याला पान गेल्याचा आनंद झाला." त्यांनी बोट उचललं. "रत्नदीप साळवे!"

रत्नदीप खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "सर, एक सांगा. कॉलेजात लॅबमधला पंखा चोरीला गेलेला तेव्हा पण आधी मलाच बोलावलेलं. ऑफिसात माऊस हरवला तर पण मीच. हे बोट नेहमी बरोबर माझ्यावरच कसं येतं?"

"तसं काही नाही," शौनकराव तसंच काही असल्यासारखं म्हणाले.

"हेच्याकं पुरावा काय?" सहदेव गरजले. "पुराव्याबिगर बोट दाखवाचा नाय!"

"शौनककाका, तुम्ही स्वतःचा अपराधभाव दुसऱ्यावर टाकताय," संचिता म्हणाली.

"मी? माझा अपराध काय?"

"मी फाडली," नंदाताई म्हणाल्या.

"तुम्हीच पहिल्यांदा पान गेल्याचं सांगितलंत," संचिता शौनकरावांना म्हणत होती. "गुन्हेगारच तक्रार करतो, हे तर क्लासिक आहे."

"मी फाडली हो ती पानं."

चौघांनी वळून पाहिलं. शौनकराव सौम्यपणे हसले. "नंदाताई, तुमचा चांगुलपणा कळतो. भांडण मिटावं म्हणून तुम्ही हे अंगावर घेताय. पण असं नसतं. इतक्या सहज कबुली देणारा माणूस कधीच गुन्हेगार नसतो. शिवाय तुमच्यावर कुणाचा संशयच नव्हता."

"संशय नव्हता म्हणून मी फाडली नाहीत?"

"तत्त्वतः, हो."

नंदाताई उठल्या. टेबलाच्या खणातून त्यांनी दुधाची जाड पिशवी काढली आणि अर्धगोलाच्या मध्ये उलटी केली. शेवटची पानं खाली पडली. कुठे खुनी गुडघ्यावर बसून रडत होता, कुठे गुप्तहेर पाईप पेटवत होता, कुठे इन्स्पेक्टर "मला पहिल्यापासूनच ठाऊक होतं" म्हणत होता. शौनकरावांची नजर नकळत पाचगणीच्या पानावर गेली आणि इनामदाराला धाकट्या सुनेने मारलं हे त्यांनी वाचून घेतलं. त्यांचा अंदाज चुकला होता.

"पण का?" संचिताने विचारलं.

नंदाताई पुन्हा स्टुलावर बसल्या. "माझे मिस्टर कुठे असतात, माहीत आहे तुम्हाला?"

"बाहेरगावी असतात ना?" शौनकराव म्हणाले.

"कुठल्या बाहेरगावी?"

शौनकराव खिडकीपासून सरकून खुर्चीवर बसले.

"दळण टाकायला गेले होते रविवारी सकाळी. डबा गिरणीत मिळाला, पीठ दळून तयार होतं. माणूस नाही. दहा-अकरा वर्षं झाली." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, कुणाला पुस्तकाची तारीख सांगावी तसा. "मी पोलिसांत गेले. ते म्हणाले, मोठा माणूस आहे, रागावून गेला असेल, येईल. पेपरात फोटो दिला. दोन वर्षांनी विचारलं तर म्हणाले, तपास चालू आहे. वकील म्हणाले, सात वर्षांनी कोर्टात मेला असं जाहीर करून घेता येतं. सासूबाई म्हणाल्या, माझ्या जिवंतपणी नाही. त्या दाराकडे बघत बघत गेल्या. आणि तुम्ही दर रविवारी इथे बसता. बेपत्ता माणसावरच्या कितीतरी कादंबऱ्यांवर तुम्ही वाद घातलात. तो जिवंत असेल का, बायकोनेच मारला असेल का, विम्यासाठी लपला असेल का. मी इथेच चहा गाळत असायचे. तुमच्यातल्या एकालाही मला विचारावंसं वाटलं नाही."

नंदाताईंनी मांडीवरचं अर्धवट कव्हर दुमडून पूर्ण केलं.

"मी घरी नेऊन वाचायचे ती पुस्तकं. प्रत्येकात शेवटी सगळं कळतंच. दीडशे पानांत, दोनशे पानांत. मग मला राग यायचा. म्हटलं, मला नाही कळलं तर तुम्हाला तरी कशाला कळायला हवं."

रत्नदीपने वाकून पानं गोळा केली आणि पिशवीत भरली. मंडळ त्या दिवशी लवकर विसर्जित झालं.

लाज वाटली की माणसं दोनपैकी एक करतात, येणं बंद करतात किंवा मदतीला धावतात. मंडळाने दुसरा मार्ग निवडला, आणि त्यात निम्मा तरी उत्साह लाजेचा नसून खरीखुरी केस हाती आल्याचा होता, हे लपत नव्हतं. शौनकरावांनी नंदाताईंच्या मिस्टरांच्या, म्हणजे तानाजी शेडग्यांच्या, शेवटच्या दिवसाचं वेळापत्रक बनवायला घेतलं. रत्नदीपची खात्री होती, की माणूस जमिनीच्या भानगडीत कुणा बड्या हाताने गायब केला असणार. संचिताने नंदाताईंना हळुवारपणे विचारलं, की त्यांचे वैवाहिक संबंध कसे होते. "होते," नंदाताई म्हणाल्या. सहदेवांनी जुन्या ओळखी काढून फाइलचा शोध घेतला. फाइल एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात गेली होती आणि दुसरं ठाणं नव्या इमारतीत गेलं होतं. माणसापाठोपाठ फाइलही बेपत्ता झाली होती.

आठवडा गेला. चारी पद्धतींनी तपास झाला आणि चारी पद्धती तोंडावर आपटल्या. मग रत्नदीपने, पद्धत वगैरे काही नसताना, नंदाताईंकडून तानाजींचा जुना फोटो मागून आणला आणि तो कल्याणच्या पुढच्या गावांमधल्या जेवढ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळखी होत्या तेवढ्यांवर टाकला. गरम पाण्याचे फायदे आणि शुभ सकाळचे गुलाब यांच्या मधोमध तानाजी शेडगे फिरू लागले. तिसऱ्या दिवशी खडवलीच्या एका शेतघरवाल्याचा निरोप आला: "हे तर आमचे माळीबुवा. नदीच्या रस्त्याला नर्सरी आहे. दाढी काढली तर सेम."

दहा-अकरा वर्षांचं गूढ. त्याचा उलगडा 'दाढी काढली तर सेम' या चार शब्दांत झाला. गुप्तहेर लागला नाही, की दिवाणखाना.

आता खरी पंचाईत झाली. जन्मभर शेवटच्या पानासाठी जागलेल्या चौघांना हे पान वाचून दाखवायचं धैर्य होईना.

"सांगायलाच हवं का?" शौनकराव म्हणाले. ते इतके हळू बोलले, की स्वतःलाच ऐकू जाऊ नये अशी इच्छा दिसत होती. "म्हणजे, तो तिथे सुखात असेल तर? बायको-मुलं असतील तर? बिचारीला काय मिळणार त्यातनं?"

"सर, तुम्ही पाचगणीच्या सुनेसाठी आठवडाभर झोपला नाहीत," रत्नदीप म्हणाला.

संचिताने फोन उचलला. कामावरून काढल्याचं लोकांना सांगायची तिला सवय होती. पण फोनवर तिने फक्त "ताई, मी येते घरी" एवढंच म्हटलं आणि प्रत्यक्ष जाऊन, समोर बसून सांगितलं. नंदाताईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "खडवली? आपली टिटवाळ्याच्या पुढची?"

"हो."

"मी दर संकष्टीला टिटवाळ्याला जाते," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि साडी बदलायला आत गेल्या.

सहदेवांची गाडी निघाली. पुढे सहदेव आणि शौनकराव, मागे नंदाताई, संचिता आणि रत्नदीप. शौनकरावांना यायचं नव्हतं आणि घरी थांबणंही जमत नव्हतं. वाटेत सहदेवांनी एकदा भजनाची कॅसेट लावावी तसा मोबाइल लावला आणि नंदाताईंचा चेहरा आरशात पाहून बंद केला.

नर्सरी छोटी होती. हिरव्या जाळीखाली मोगरा, कढीपत्ता, सोनचाफ्याची कलमं. एक वाळका, पांढऱ्या दाढीचा माणूस पिशव्यांत माती भरत होता. गाडीचं दार वाजलं तसं त्याने वर पाहिलं. नंदाताईंना ओळखायला त्याला वेळ लागला नाही. हातातली पिशवी मात्र त्याच्या हातातून सुटली नाही. ती त्याने नीट खाली ठेवली, हात धुतले, लुंगीला पुसले आणि मग तो पुढे आला.

"आई कशी आहे?" त्याने विचारलं.

"गेली," नंदाताई म्हणाल्या. "चौथं वर्ष संपेल आता श्रावणात."

तो माणूस तिथेच मातीच्या ढिगाच्या कडेला बसला. गिऱ्हाईक म्हणून एक स्कूटरवाला आला होता, त्याने तुळशीची किंमत विचारली, उत्तर मिळालं नाही तसा निघून गेला.

"का गेलात?" नंदाताईंनी विचारलं.

मागे उभे असलेले शौनकराव नकळत एक पाऊल पुढे सरकले. त्यांच्या सबंध वाचकजन्माचा तो क्षण होता. हेतू. हेतूशिवाय गुन्हा नसतो.

"दळण टाकलं," तानाजी म्हणाले. "गिरणीवाला म्हणाला, अर्धा तास लागेल. म्हटलं, जरा स्टेशनपर्यंत जाऊन येतो. कसाऱ्याची गाडी लागली होती. बसलो. कल्याणला उतरणार होतो, तर उतरलो नाही. इथे पाणी दिसलं, तर उतरलो. नदीवर बसलो. संध्याकाळ झाली. मग घरी काय सांगायचं, ते सुचेना. दुसऱ्या दिवशी तर अजूनच सुचेना."

"आणि मग?"

"मग रोजच सुचेना."

"भांडण झालं होतं?" संचिताने विचारलं.

"नाही."

"कुणाची भीती? धमकी?" रत्नदीप.

"नाही हो. कुणाची भीती असणार?"

"दुसरं कुणी बाई-माणूस?" सहदेवांनी चाचरत विचारलं.

तानाजींनी मान हलवली. "एकटाच असतो. एक कुत्रा होता. तोही गेला."

"पण हे कारण झालं का?" शौनकराव ओरडले. त्यांना राग आवरेना. "अहो, असं कुणी करतं का? काहीतरी कारण असेलच ना! कर्ज, बदनामी, आजार, काहीतरी!"

"शौनकराव," नंदाताई न वळताच म्हणाल्या, "तुम्ही गाडीत बसा."

शौनकराव गाडीत जाऊन बसले. त्यामुळे पुढचं त्यांनी काचेआडून पाहिलं. नंदाताई हसत होत्या. आधी थोडं, मग खूप, पोट धरून. तानाजी गोंधळून पाहत होते. मग हसताहसताच नंदाताईंनी समोरची मोगऱ्याची कुंडी उचलून जमिनीवर आपटली. मग दुसरी. तानाजींनी तिसरी स्वतःहून पुढे सरकवली. ती नंदाताईंनी आपटली नाही.

"रोज रात्री मी तुम्हाला वेगवेगळ्या प्रकारे मारायचे," त्या म्हणाल्या. "रुळांवर. खाडीत. दवाखान्यात, नाव न सांगता. पत्ताच नव्हता, तर राग ठेवायचा कुठे? आणि तुम्ही इथे कढीपत्ता लावत होतात."

"हो," तानाजी म्हणाले.

"चला. शर्ट घाला."

"कुठे?"

"पोलिसांत. तुम्ही जिवंत आहात, हे तुमच्या तोंडून सांगायचं. मग वकिलाकडे. मला तुमची बायकोही राहायचं नाही आणि विधवाही व्हायचं नाही. दोन्ही खूप झालं."

तानाजी मुकाट्याने आत गेले आणि शर्ट घालून आले. पोलिसांत त्यांनी जे सांगितलं ते ऐकून ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवलं. "म्हणजे कुणी पळवलं नाही, तुम्ही पळाला नाहीत, हरवला नाहीत, तर मग झालं काय?" त्याने विचारलं. सहदेव म्हात्रेंनी आपल्या पूर्वीच्या खात्याला मदत म्हणून सुचवलं, "लिवा ना, सापरला." अंमलदाराने 'सापडला' असंच लिहिलं.

तानाजी तिथूनच खडवलीला गेले. परतताना नंदाताईंना भूक लागली. कल्याणला एका उपाहारगृहात सगळे थांबले. त्यांनी मिसळ मागवली, संपवली आणि आणखी एक मागवली. संचिताने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा त्या थोडं रडल्या, मिसळीच्या तिखटाने डोळ्यांत पाणी आल्याचं कुणाला वाटू शकेल इतपतच. शौनकराव समोरच्या ताटातला पाव कुस्करत होते.

"मला तुम्हाला काही विचारायचं होतं," ते अखेर म्हणाले.

"विचारा."

"म्हणजे, इतक्या वर्षांत विचारायला हवं होतं. तुम्ही कशा आहात?"

"आज विचारलंत ना," नंदाताई म्हणाल्या. "आज काही सांगता येणार नाही. पुढच्या महिन्यात विचारा."

घटस्फोटाचा अर्ज कल्याणच्या न्यायालयात दाखल झाला. तानाजी प्रत्येक तारखेला सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसायचे. ज्या माणसाला अर्ध्या तासाचं दळण आणता आलं नव्हतं तो कोर्टात एकदाही उशिरा आला नाही. गिऱ्हाइकाला द्यावी तशी प्रत्येक वेळी ते नंदाताईंसाठी काहीतरी कलम घेऊन यायचे आणि प्रत्येक वेळी परत न्यायचे.

मंडळ पुन्हा भरू लागलं. पहिले दोन रविवार सगळे जरा जपून बोलत होते. तिसऱ्या रविवारी शौनकरावांना राहवलं नाही.

"मी खूप विचार केला," ते म्हणाले. "हे प्रकरण रहस्यकथेत बसतच नाही. हेतू नाही, गुन्हा नाही. वाचकाशी हा सरळ दगा आहे."

"सर, हीच तर खरी काळोखी गोष्ट आहे," रत्नदीप म्हणाला. "कुणी व्हिलन नाही आणि तरी सगळ्यांची वाट लागली."

"काळोखी कसली? ही पूर्ण मानसशास्त्रीय केस आहे," संचिता म्हणाली. "डिसोसिएशन म्हणतात याला, माणूस स्वतःपासूनच तुटतो. मी यावर वाचलंय."

"सापरला पोलिसांतनी गेल्यावं," सहदेव टेबलावर थाप मारून म्हणाले. "तवा ही पोलिसी कथा. विषय संपला."

"पण तपास कुणी केला? व्हॉट्सॲपने!" रत्नदीप म्हणाला.

"शिवाय मुडदा कुठे आहे? मुडद्याशिवाय..." शौनकरावांनी तोंड घातलं.

वाद चांगलाच रंगला. शौनकराव नवा उपप्रकार काढायच्या बेतात होते, त्याला नाव काय द्यावं यावर मत घ्यायला ते उभे राहिले, आणि डोक्यावरचा पंखा बंद झाला. मग दिवे गेले. दारात नंदाताई पर्स खांद्याला लावून, हातात कुलूप घेऊन उभ्या होत्या.

"ताई, अजून अर्धा तास आहे आपला," शौनकराव म्हणाले. "आणि चहा?"

"दूध नासलं," नंदाताई म्हणाल्या. "आणि मला बाजारात जायचंय, बोंबील संपायच्या आत. उठा."

चौघं उठले. जिन्यात उतरतानाही त्यांचं भांडण चालूच होतं. नंदाताईंनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि त्यांच्या गर्दीतून वाट काढत पुढे निघून गेल्या.